नव्या मोटारीस सिंथेटिक तेल केव्हां द्यावें ?

ऊंस, द्राक्षें किंवा डाळिंबें यांचा हिशेब हातीं आला म्हणजे आमच्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां नवी मोटार येऊं लागली आहे. दारच्या बैलाची निगा कशी राखावी, हें ज्ञान बापाकडून मुलाकडे आपोआप चालत येत असे. मोटारीच्या निगेचें तसें नाहीं. तिच्याविषयींचें आपलें ज्ञान बहुधा मिस्त्री, दुकानदार व शेजारी यांच्या बोलण्यावरून गोळा झालेलें असतें, आणि या तिघांचें एकमत क्वचितच असतें.

इंजिनाच्या तेलाविषयीं तर हा मतभेद विशेषच दिसतो. एक म्हणतो, “नव्या गाडीस पहिले पांच-दहा हजार किलोमीटर सिंथेटिक तेल दाखवूंहि नका, रिंगा बसणार नाहींत व गाडी जन्मभर तेल खाईल.” दुसरा म्हणतो, “कारखान्याचें तेल हजार किलोमीटरवरच काढून टाका व उत्तमांतलें उत्तम सिंथेटिक घाला.” पहिल्याचें ऐकावें तर कित्येक गाड्यांच्या बाबतींत तें प्रत्यक्ष नुकसानीचें ठरतें, दुसऱ्याचें ऐकावें तर विनाकारण हजारों रुपये खर्च होतात. दहा-बारा लाखांची वस्तु घरांत आणल्यावर तिच्या आयुष्याचा प्रश्न ऐकीव गोष्टींवर सोडणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून या लेखांत आम्ही हा विषय मुळापासून मांडण्याचें योजिलें आहे.

तेलाचें काम

इंजिनांतील तेल केवळ घर्षण कमी करण्यासाठीं असतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. तेलाचीं कामें मुख्यतः पांच :

१. फिरणाऱ्या व सरकणाऱ्या भागांमध्यें पातळ पडदा राखून धातूस धातु लागूं न देणें.
२. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांमधील बारीक फट भरून काढणें, जेणेंकरून ज्वलनाचा दाब खालीं निसटणार नाहीं.
३. जेथें थंड करणारें पाणी पोंचत नाहीं तेथील उष्णता वाहून नेणें.
४. काजळी, डिंकासारखा मळ व झिजेचे कण आपल्यांत धरून फिल्टरपर्यंत नेणें.
५. ज्वलनांतून निर्माण होणारें पाणी व आम्लें यांपासून धातूस गंजूं न देणें.

शेवटच्या कामाकडे सहसा लक्ष जात नाहीं. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. त्याचा बहुतेक भाग धुराबरोबर बाहेर जातो. परंतु इंजिन थंड असतां कांहीं वाफ रिंगांजवळून खालीं उतरते व तेलांत मिसळते. इंजिन पुरेसें तापलें म्हणजे तें पाणी पुन्हां उडून जातें. जी गाडी रोज वस्तीवरून गांवांत व गांवांतून वस्तीवर अशी दोन-तीन किलोमीटरच चालते, तिचें इंजिन पुरतें तापतच नाहीं व पाणी तेलांतच रहातें. म्हणून थोडी चालणारी गाडी तेलाच्या दृष्टीनें सुखांत असते, असें मुळींच समजूं नये.

खनिज तेल व सिंथेटिक तेल यांतील भेद

दोन्ही तेलांचें मूळ बहुधा भूमिगत खनिज तेलच असतें. भेद आहे तो तें तयार करण्याच्या रीतींत. साधें तेल हें खनिज तेल गाळून व शुद्ध करून निघतें. खळ्यावरून आलेलें धान्य पाखडून घेतलें तरी त्यांत लहान, मोठे, पोचट असे सर्व प्रकारचे दाणे रहातात. त्याचप्रमाणें या तेलांत निरनिराळ्या आकाराचे रेणू एकत्र असतात. हलके असतात ते तापल्यावर लवकर उडून जातात, आणि मेणासारखे असतात ते थंडींत गोठूं पहातात. सिंथेटिक, म्हणजे संश्लिष्ट, तेलांत रसायनक्रियेनें हवे तसे रेणू जुळवून घेतलेले असतात. चाळणी लावून एकसारखें बियाणें निवडावें, तसा हा प्रकार होय.

याचा व्यवहारांत दिसणारा परिणाम असा. काकवी हिंवाळ्यांत दाट होते व चुलीवर ठेवली कीं पाण्यासारखी पातळ होते. सर्वच तेलांचा स्वभाव थोडाबहुत असाच असतो. सिंथेटिक तेलांत हा फरक कमी पडतो. तें थंडींत लवकर वाहूं लागतें, उष्णतेंत आपला दाटपणा अधिक टिकवितें, कमी उडून जातें व त्याचा मळ कमी सांचतो.

युद्धकाळांत खनिज तेलाची टंचाई पडल्यामुळें जर्मनीनें या दिशेनें पुष्कळ खटपट केली. पुढें जेट विमानांच्या इंजिनांस अशाच तेलांची गरज लागली. मोटारींसाठीं हें तेल सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं १९७० नंतरच्या दशकांत आलें. मोबिल १ हें प्रसिद्ध तेल १९७४ सालीं बाजारांत आलें.

येथें नांवाविषयीं एक खुलासा केला पाहिजे. खनिज तेलावरच अतिशय कडक रसायनक्रिया करून जें उच्च प्रतीचें तेल निघतें, त्यास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं, याबद्दल अमेरिकेंत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला. जाहिरातींच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या तेथील मंडळानें १९९९ सालीं तसें म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. तेव्हांपासून डब्यावरील ‘सिंथेटिक’ या शब्दावरून आंत नेमकें कोणतें मूळ तेल आहे, हें सांगतां येत नाहीं. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दावरून तर दोहोंचें प्रमाण किती, हेंहि कळत नाहीं. म्हणून शब्दाकडे न पहातां डब्यावरील दर्जाच्या खुणांकडे पहाण्याची संवय लावून घ्यावी. त्या खुणा कोणत्या, तें पुढें सांगूं.

‘आधीं साधें तेल’ हा नियम कोठून आला ?

नव्या इंजिनाच्या सिलिंडरची आंतील भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तीवर मुद्दाम एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. या रेघांत तेल धरून रहातें, आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून रिंगा भिंतीशीं जुळून येतात. आमच्या वाचकांस जात्याचा अनुभव आहेच. नुकतें टाकी लावलेलें जातें पहिल्या दळणांत कचकच देतें; दोन-चार दळणें झालीं म्हणजे उंच टोकें मोडून पाळी बसते व पीठ चांगलें येऊं लागतें. इंजिनांत रिंगा ‘बसणें’ म्हणतात तें हेंच.

जुन्या काळीं हें बसण्याचें काम फार लांबत असे. भाग इतके काटेकोर कापलेले नसत, ओतीव लोखंडाचे व कापकामाचे कण इंजिनांत रहात, आणि फिल्टरहि आजच्याइतके चांगले नसत. त्यामुळें पहिलें तेल लवकर काढून टाकणें हें योग्यच होतें. नव्या गाडीच्या मागें ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून ती हळू चालविण्याची चाल पुष्कळांस आठवत असेल. त्यांतच सिंथेटिक तेल नवें नवें आलें, तेव्हां लोकांनीं असा तर्क केला कीं, हें तेल इतकें निसरडें आहे तर उंच टोकें मोडणारच नाहींत व रिंगा बसणारच नाहींत. शिवाय आरंभींच्या कांहीं सिंथेटिक तेलांमुळें रबरी सील आकसून गळती होई. ती भीतिहि लोकांच्या मनांत राहिली.

आज या दोन्ही शंकांस आधार उरलेला नाहीं. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या मुख्यतः ज्वलनाच्या वायूच्या दाबानें. आणि तो दाब तेल कोणतेंहि असलें तरी तेवढाच असतो. भिंतीची घासणीहि आतां कारखान्यांत अशी केली जाते कीं, उंच टोकें आधींच सपाट होऊन येतात व रिंगांस फार थोडें काम उरतें. हल्लींच्या तेलांत सील फुगूं किंवा आकसूं नये अशीं द्रव्यें योग्य प्रमाणांत घातलेलीं असतात.

परंतु तर्कापेक्षां प्रत्यक्ष पुरावा अधिक मोलाचा. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही मोटार १९९२ सालच्या नमुन्यापासून कारखान्यांतूनच सिंथेटिक तेल भरून बाहेर पडूं लागली. पोर्शे कंपनीनेंहि १९९६ पासून तीच रीत धरली. या तेलानें रिंगा बसत नसत्या, तर इतक्या मोलाच्या गाड्या करणाऱ्यांनीं हें धाडस केलें नसतें. आज आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या ज्या लहान पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेंत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असें तेल सांगितलेलें असतें, त्यांचीहि हीच गोष्ट आहे. इतकें पातळ तेल साध्या खनिज तेलापासून साधत नाहीं. तें बहुधा सिंथेटिकच असतें. अर्थात् अशा गाडीच्या मालकानें ‘सिंथेटिक केव्हां सुरू करूं’ असें विचारण्याचें कारणच नाहीं. तें पहिल्या दिवसापासून सुरू आहे. अशा गाडींत ‘आधीं साधें’ म्हणून दाट खनिज तेल ओतणें, हीच खरी चूक होय.

डब्यावरील खुणा कशा वाचाव्या ?

डब्यावर दोन खुणा महत्त्वाच्या असतात. पहिली दाटपणाची, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेनें ठरविलेली ही पद्धति आहे. यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर थंडीच्या ऋतूचें द्योतक आहे, वजनाचें नव्हे. त्याच्या अलीकडचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक सहज वाहतें. १५डब्ल्यूची कसोटी उणे २० अंशांवर व ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर घेतात. पलीकडचा आंकडा १०० अंश उष्णतेंत तेल किती दाट रहातें, तें दाखवितो.

आपल्याकडे उणे ३० अंश कधींच होत नाहींत. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीची लाट आली तरी पारा तितका खालीं जात नाहीं. मग लहान आंकड्याचा आपणांस उपयोग काय, अशी शंका येईल. उपयोग असा कीं, साध्या पहाटेच्या गारव्यांतहि असें तेल बेअरिंगांपर्यंत कांहीं क्षण आधीं पोंचतें; आणि इंजिनाच्या झिजेचा बराच भाग सुरू करण्याच्या त्या क्षणांतच होत असतो. उलट, चंद्रपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून तेथील कित्येक मालक दाट तेल घालण्याचा आग्रह धरतात. हाहि गैरसमज आहे. बाहेर ४५ अंश असोत वा २५, थंड करणारी यंत्रणा ठीक असेल तर आंतील तेल बहुधा १०० अंशांच्या आसपासच रहातें. बेअरिंगांतील फटी विशिष्ट दाटपणाच्या तेलासाठीं कापलेल्या असतात. पुस्तिकेंतील तक्त्यांत दाट तेलास मुभा दिली असेल तरच तें घालावें, एरवीं नाहीं.

दुसरी खूण गुणवत्तेची. अमेरिकेंतील ‘एपीआय’ या संस्थेच्या पद्धतींत पेट्रोल इंजिनाच्या तेलास ‘एस’ व डिझेल इंजिनाच्या तेलास ‘सी’ या अक्षरानें आरंभ होतो. पेट्रोलांत ‘एसएन’ ही प्रत २०१० सालीं व ‘एसपी’ ही २०२० सालीं आली. डिझेलांत ‘सीआय-४’ २००२ सालीं व ‘सीके-४’ २०१६ सालीं आली. कांहीं गाड्यांच्या पुस्तिकेंत युरोपांतील ‘एसीईए’ ची खूणहि दिलेली असते.

डिझेल मोटारवाल्यांनीं येथें विशेष सावध राहिलें पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळें नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. इंजिनांत जळणाऱ्या तेलाची राख या जाळींत कायमची अडकून बसते. म्हणून अशा गाडीस कमी राख करणारें तेलच लागतें. डब्यावर ‘सिंथेटिक’ असें कितीहि ठळक लिहिलेलें असलें, तरी कमी राखेची खूण नसेल तर तें तेल त्या गाडीस अपायकारकच समजावें. जाळी बदलण्याचा खर्च पुष्कळ वर्षांच्या तेलाच्या खर्चाहून अधिक येतो.

मग केव्हां बदलावें ?

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर देणें सोपें आहे. पुस्तिका पाहून आपली गाडी पुढीलपैकीं कोणत्या वर्गांत पडते तें ठरवावें.

पहिला वर्ग : पुस्तिकेंत सिंथेटिकच, किंवा ०डब्ल्यूनें आरंभ होणारेंच तेल सांगितलें आहे. येथें बदलण्याचा प्रश्न नाहीं. तेंच तेल पुढेंहि चालू ठेवावें. काटकसर म्हणून साध्यावर उतरूं नये.

दुसरा वर्ग : पुस्तिकेंत विशिष्ट दाटपणा व प्रत सांगितली आहे, परंतु मूळ तेलाविषयीं कांहींच म्हटलेलें नाहीं. अशा गाडीस सिंथेटिक द्यावयाचें असल्यास तें पहिल्या नेमलेल्या तेलबदलाच्या वेळीं द्यावें. अनेक गाड्यांस हा बदल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल त्या वेळीं असतो. त्याच्या आधीं देण्याची घाई नको, व त्याच्यापुढें थांबण्याचेंहि कारण नाहीं. इंजिन स्वच्छ करण्यासाठीं मध्यें निराळें द्रव्य घालून धुण्याचीहि गरज नाहीं. दोन्ही प्रकारचीं तेलें एकमेकांत मिसळतात. उरलेल्या पेलाभर जुन्या तेलानें बिघाड होत नाहीं.

कारखान्याचें पहिलें तेल हजार किलोमीटरवर काढून टाकावें काय ? पुस्तिका तसें सांगत नसेल तर काढूं नये. पहिली तपासणी १,००० किलोमीटरच्या आसपास असली तरी पुष्कळ मोटारींत त्या वेळीं तेल बदलावयाचें नसतें. कांहीं कारखाने पहिल्या तेलांत रिंगा व बेअरिंगें बसण्याच्या काळासाठीं विशेष द्रव्यें घालतात व तें तेल नेमल्या मुदतीपर्यंत राहूं द्यावें, असें स्वतःच सांगतात.

या पहिल्या हजार किलोमीटरांत तेलाच्या जातीपेक्षां चालविण्याच्या रीतीस अधिक महत्त्व आहे. एकाच गतीनें फार वेळ चालवूं नये, गति कमीजास्त करीत रहावें. इंजिन फार जोरानें फिरवूं नये व वरच्या गियरांत दडपून ओढावयासहि लावूं नये. मागें जड ट्रेलर जोडूं नये. आणि उभ्या गाडीचें इंजिन तासन् तास चालू ठेवूं नये. शेवटची गोष्ट विशेष वाईट. भार नसतां वायूचा दाब कमी रहातो, रिंगा नीट दाबल्या जात नाहींत, आणि भिंतीवरील रेघांत तेलाचा चिकट थर बसून त्या बुजतात. गाडी पुढें तेल खाऊं लागते तेव्हां लोक सिंथेटिकास दोष देतात. त्याचें कारण पुष्कळदां या पहिल्या दिवसांत सांपडेल.

अधिक खर्च कोणी करावा ?

दुसऱ्या वर्गांतील मालकानें सिंथेटिक घ्यावें कीं न घ्यावें, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. रीत दाखविण्यासाठीं एक उदाहरण घेऊं. प्रत्येकानें त्यांत आपापल्या बाजारचे भाव घालून पहावे. समजा, इंजिनांत ३.५ लिटर तेल बसतें. साध्या तेलाचा भाव लिटरास ४०० रुपये व सिंथेटिकचा ८०० रुपये धरला, तर एका बदलास १,४०० रुपये अधिक पडतात. १०,००० किलोमीटरवर बदल असल्यास हा वरखर्च किलोमीटरास १४ पैसे होतो. आतां सिंथेटिकमुळें इंधनांत शेंकडा १ बचत झाली, असें धरूं. गाडी लिटरास १८ किलोमीटर देत असेल तर १०,००० किलोमीटरांस सुमारें ५५५ लिटर पेट्रोल लागतें. त्यांतील साडेपांच लिटर वांचलें. पेट्रोल लिटरास १०५ रुपये धरल्यास ही बचत सुमारें ५८० रुपये झाली. म्हणजे सुमारें ८२० रुपये अंगावर राहिलेच. यावरून इंधनाच्या बचतींतून सिंथेटिक फुकट पडतें, हें दुकानदाराचें म्हणणें खरें मानूं नये.

हे ८२० रुपये कशासाठीं द्यावयाचे, तर इंजिनाच्या संरक्षणासाठीं. पुढील मालकांस ते दिल्याचें सार्थक होईल :

१. ज्यांच्या गाडीस टर्बो आहे. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो व त्याची बेअरिंगें अतिशय तापतात. साधें तेल तेथें जळून कोळसा होण्याचा संभव अधिक.
२. ज्यांची गाडी रोज थोडें थोडें चालते व वारंवार थंड होऊन पुन्हां सुरू होते.
३. ज्यांस भरल्या गाडीनिशीं वारंवार घाट चढावे लागतात, किंवा उन्हाळ्यांत लांबचे प्रवास करावे लागतात.
४. जे एकच गाडी दहा-पंधरा वर्षें ठेवूं इच्छितात.

ज्यांची गाडी साधी, टर्बोविरहित, मध्यम अंतर नियमितपणें चालणारी आहे व जे चार-पांच वर्षांत ती विकणार आहेत, त्यांनीं योग्य प्रतीचें साधें किंवा सेमी-सिंथेटिक तेल वेळच्या वेळीं बदलल्यास कांहींएक बिघडत नाहीं.

‘वेळच्या वेळीं’ या शब्दांवर आम्ही मुद्दाम भर देतों. सिंथेटिक तेल घातलें म्हणून पुस्तिकेंतील मुदत आपण होऊन दुप्पट करणें, हा सर्वांत महागांत पडणारा प्रकार होय. काजळी, पाणी व कच्चें इंधन हीं सिंथेटिक तेलांतहि तितकींच येऊन पडतात, व तीं झेलणारीं द्रव्यें संपतातच. वर्षांत चारच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचें तेलहि वर्षअखेर बदललेंच पाहिजे. नियमानें बदललेलें साधें तेल हें मुदतीबाहेर चालविलेल्या सिंथेटिक तेलाहून केव्हांहि श्रेष्ठ.

ट्रॅक्टर व दुचाकी यांविषयीं

मोटारीचे नियम ट्रॅक्टरास जसेच्या तसे लावूं नयेत. बहुतेक ट्रॅक्टरांचें पहिलें तेल व फिल्टर सुमारें ५० तासांवर बदलावयाचें असतें, आणि हा पहिला बदल कधींहि चुकवूं नये. त्या पहिल्या तासांत ट्रॅक्टर मध्यम भारावर चालवावा. खोल नांगरट दिवसभर करूं नये, आणि पंपासाठीं वा गप्पांसाठीं विनाभार चालूहि ठेवूं नये. त्यानंतर पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें १५डब्ल्यू-४० सारखें डिझेलचें खनिज तेल नेमल्या तासांवर बदललें तर सर्वसाधारण ट्रॅक्टरास पुरेसें होतें. त्याचें इंजिन संथ फिरतें व तेलाचा सांठाहि मोठा असतो; सिंथेटिकचा वरखर्च तेथें सहसा भरून येत नाहीं.

ट्रॅक्टराचा खरा शत्रु धूळ होय. हवेच्या फिल्टरची फाटलेली नळी किंवा ऑइल-बाथ फिल्टरच्या वाटींतील चिखल झालेलें तेल इंजिनाची जी हानि करील, ती जगांतील कोणतेंहि महाग तेल थांबवूं शकणार नाहीं. सिंथेटिकवर खर्च करण्यापूर्वीं ती वाटी उघडून पहावी.

मोटारसायकलींत तर मोटारीचें उरलेलें तेल कधींच ओतूं नये. पुष्कळ मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो. घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळें तो घसरूं लागतो. तेथें ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ ही खूण पाहूनच तेल घ्यावें.

कांहीं व्यावहारिक सूचना

तेल अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावें, डब्याचें सील आपल्यासमोर फोडून घ्यावें व पावती जपून ठेवावी. हमीच्या काळांत इंजिनाचा कांहीं वाद निघाल्यास योग्य तेल वेळेवर घातल्याचा तोच पुरावा होय. रिकामा डबा भंगारांत देण्यापूर्वीं त्यास भोंक पाडावें. नाहीं तर तोच डबा बनावट तेल भरून पुन्हां दुकानांत येण्याचा संभव असतो.

तेलाची पातळी महिन्यांतून दोनदां तरी पहावी. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटें थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हां घालावी व मग पहावी. तेल वरच्या खुणेहून अधिक भरणें हेंहि अपायकारकच आहे. डिझेल इंजिनाचें नवें तेल थोड्याच दिवसांत काळें झालें म्हणून घाबरूं नये. तें काजळी धरून ठेवीत आहे, म्हणजे आपलें काम करीत आहे. मात्र तें दुधासारखें पांढुरकें दिसल्यास पाणी शिरलें असें समजून गाडी तात्काळ मिस्त्रीकडे न्यावी.

काढलेलें जळकें तेल ओढ्यांत, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये. कांहीं ठिकाणीं तें जनावरांच्या खरजेवर लावण्याची चाल आहे, ती सर्वथा सोडून द्यावी. या तेलांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. तें डब्यांत सांठवून, तें पुन्हां शुद्ध करणाऱ्या परवानाधारकांकडे पोंचेल अशा ठिकाणीं द्यावें.

सारांश

नव्या मोटारीस सिंथेटिक तेल देण्यासाठीं अमुक हजार किलोमीटर थांबलेंच पाहिजे, हा नियम आतां कालबाह्य झाला आहे; आणि तें लगेच दिलेंच पाहिजे, हाहि नियम नव्हे. पुस्तिकेंत सिंथेटिक असेल तर तें पहिल्या दिवसापासून आहेच. नसेल तर पहिल्या नेमलेल्या बदलाच्या वेळीं आपला हिशेब व गाडीचें काम पाहून ठरवावें. दाटपणा व प्रत पुस्तिकेप्रमाणें, बदल मुदतीप्रमाणें, आणि हवेचा फिल्टर स्वच्छ, एवढ्या तीन गोष्टी ज्यानें पाळल्या त्याच्या इंजिनास तेलावांचून होणारी इजा सहसा व्हावयाची नाहीं. गाडीबरोबर मिळालेली ती पुस्तिका बहुतेक घरांत पिशवींतून बाहेरहि निघालेली नसते. आमच्या वाचकांनीं ती आजच काढून तेलाचें पान वाचावें व त्यावरील दोन खुणा आपल्या टिपणवहींत उतरून ठेवाव्या.